फाइल पोचली, पण पूर्ण पोचली का?
ग्रिडवरच्या फाइल-पाठवणीचे पाच प्रश्न



वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर लेख कशाला, असं कुणालाही वाटेल. कारण साधं आहे. आपण तीन वर्षं पाठ वाचायला शिकतो. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, वाक्य कुठे तुटलं, कोणता शब्द मुद्दाम निवडला, हे सगळं आपण कवितेत शोधतो. पण संगणकानं चार ओळींचा एरर दिला की तो वाचायच्या आधीच फोटो काढून कुणाला तरी पाठवतो आणि खाली लिहितो, ‘चालत नाही.’ एरर हाही एक पाठच आहे. तो नीट वाचला तर निम्मं काम तिथेच होतं.

भौतिकशास्त्राच्या माझ्या मैत्रिणी प्रकल्पासाठी ग्रिडवरून डेटा आणतात. त्यांच्याशेजारी बसून आणि मॅन्युअल वाचून जे समजलं, ते या लेखात क्रमानं मांडते आहे. शेवटी सरावासाठी तीन उदाहरणं आहेत. आज्ञा आणि संदेश अंकाच्या पद्धतीप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.

ग्रिड म्हणजे काय?

विजेची ग्रिड आपल्याला ठाऊक आहे. बटण दाबताना ही वीज धरणाची की कोळशाची, हे आपण विचारत नाही. संगणकांची ताकदही अशीच वाटून वापरता यावी, ही कल्पना १९९० च्या दशकात इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांनी पुढे आणली. त्यांनी संपादित केलेलं ‘द ग्रिड’ हे पुस्तक १९९८ मध्ये आलं. त्यांच्याच गटाच्या ग्लोबस टूलकिटमधून ग्रिड-एफटीपी ही फाइल पाठवण्याची पद्धत रुजली.

याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या महाकाय कणत्वरकाची ग्रिड. ४० हून अधिक देशांतली सुमारे १७० केंद्रं तिला जोडलेली आहेत. आपल्याकडे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएस प्रयोगासाठी आणि कोलकात्याचं सायक्लोट्रॉन केंद्र ॲलिस प्रयोगासाठी या जाळ्यात आहे. देशातल्या संशोधन संस्था जोडणारी ‘गरुड’ ही ग्रिड पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकनं उभारली.

डेटा एका देशात, गणित करणारं यंत्र दुसऱ्या देशात आणि निष्कर्ष काढणारी विद्यार्थिनी तिसरीकडे. म्हणजे फाइल सतत प्रवासात. एकेका खेपेला हजारो फाइल्स असतात. माउसनं ओढून टाकण्याचं हे काम नाही, म्हणून कमांड लाइन.

साधनं आणि त्यांचं वाक्य

ग्रिड-एफटीपीसाठी ‘ग्लोबस-यूआरएल-कॉपी’ हे जुनं साधन. त्याशिवाय ‘जीफॅल-कॉपी’ आणि ‘एक्सआरडीसीपी’. मूळ ग्लोबस टूलकिटचा पाठिंबा २०१८ मध्ये थांबला. पुढे वापरकर्त्यांच्या समुदायानं ते चालू ठेवलं. सर्नच्या ग्रिडनं मात्र एचटीटीपी आणि एक्सरूट-डी या पद्धतींकडे मोर्चा वळवला. साधन बदललं तरी वाक्याची घडण तीच राहते: क्रियापद, कुठून, कुठे.

ग्लोबस-यूआरएल-कॉपी   फाइल:///होम/मी/नमुना.डॅट   जीएसआयएफटीपी://सर्व्हरचं-नाव/डेटा/नमुना.डॅट

‘फाइल’ या शब्दानंतर तीन तिरप्या रेघा आहेत, हे लक्षात घ्या. पहिल्या दोन रेघा पत्त्याच्या नियमाच्या. त्यानंतर यंत्राचं नाव यायला हवं. ते माझंच यंत्र म्हणून रिकामं सोडलं. तिसरी रेघ फोल्डरच्या वाटेची सुरुवात. दोनच रेघा दिल्या तर ‘होम’ हेच कुठल्यातरी यंत्राचं नाव समजलं जातं. एका काना-मात्रेनं अर्थ फिरावा तसं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला एक आज्ञा दिसते, पण आत एकापाठोपाठ एक पाच व्यवहार होतात: ओळख, वेळ, वाट, जागा आणि प्रत. बिघाड यांपैकी एखाद्या टप्प्यावर असतो. तो कोणता, हे शोधायचं. म्हणून हे पाच प्रश्न याच क्रमानं विचारायचे.

पहिला प्रश्न: मला ओळखलं का?

ग्रिडवर पासवर्डऐवजी प्रमाणपत्र वापरण्याची पद्धत आहे. आपल्यातल्या कॅथलिक वाचकांना हे पटकन कळेल. दुसऱ्या पॅरिशमध्ये लग्न ठरलं की आपल्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला न्यावा लागतो. तिथले फादर आपल्याला ओळखत नाहीत. पण दाखल्यावरची सही आणि शिक्का ज्या अधिकाराचा आहे, तो त्यांना मान्य असतो. शिवाय दाखला ताजा लागतो, सहसा सहा महिन्यांच्या आतला. ग्रिडवरही हेच. दूरचा सर्व्हर मला ओळखत नाही. मला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला ओळखतो. सी-डॅकची इंडियन ग्रिड सर्टिफिकेशन अथॉरिटी ही अशीच एक संस्था.

मूळ प्रमाणपत्राची खासगी किल्ली सगळीकडे फिरवणं धोक्याचं. म्हणून तिच्यावरून थोड्या काळाचा प्रतिनिधी तयार करतात. त्याला प्रॉक्सी म्हणतात. कॉलेजात प्रॉक्सी हा शब्द समजावून सांगायची गरज नाही! फरक इतकाच की ही प्रॉक्सी अधिकृत असते आणि तिची मुदत साधारण १२ तास असते. ‘ग्रिड-प्रॉक्सी-इनिट’ किंवा ‘वोम्स-प्रॉक्सी-इनिट’ ही आज्ञा ती तयार करते. याच नावांत ‘इनिट’ऐवजी ‘इन्फो’ लिहिलं की मुदत किती उरली ते दिसतं. फाइल जाईना झाली की पहिल्यांदा हेच पाहायचं.

इथे दोन नकारांमधला फरक ओळखायला हवा. एक, ‘तू कोण हे पटत नाही.’ दुसरा, ‘तू कोण ते पटलं, पण यादीत नाव नाही.’ पहिल्यात प्रमाणपत्र संपलेलं असतं, किंवा ते देणारी संस्था सर्व्हरला माहीत नसते. दुसऱ्यात प्रमाणपत्र ठणठणीत असतं. सर्व्हरच्या ग्रिड-मॅपफाइलमध्ये आपली नोंद नसते. ग्रिड-एफटीपीवर दोन्हींना ५३० हाच आकडा मिळू शकतो, म्हणून आकड्यापुढचे शब्द वाचावे लागतात. एचटीटीपीनं मात्र आकडेच वेगळे ठेवले आहेत. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे परवानगी नाही. पहिलं दुखणं आपण दुरुस्त करायचं. दुसऱ्यासाठी तिकडच्या व्यवस्थापकाला पत्र लिहायचं. हा फरक न कळता नवी प्रॉक्सी दहा वेळा काढली तरी यादीत नाव येत नाही.

एक छोटी पण हमखास अडचण: खासगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असेल तर साधन ती वापरायलाच नकार देतं. तिची परवानगी ‘४००’ करावी, म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल.

दुसरा प्रश्न: घड्याळं जुळतात का?

प्रमाणपत्रावर दोन वेळा असतात: केव्हापासून आणि केव्हापर्यंत. माझ्या संगणकाचं घड्याळ पुढे असेल तर मी आत्ता काढलेली प्रॉक्सी तिकडच्या सर्व्हरला ‘अजून लागू झालेली नाही’ असं वाटू शकतं. काही मिनिटांची सूट असते, त्यापलीकडे नकार. उपाय म्हणजे घड्याळ नेटवर्कवरून आपोआप जुळतं ठेवणं.

दुसरी गंमत आपल्या वेळेची. प्रमाणपत्रातली वेळ ग्रीनिचची असते आणि आपण साडेपाच तास पुढे. ‘१८:३० पर्यंत वैध’ हे वाचून कुणी संध्याकाळी सातला हताश होऊ नये. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीपर्यंत वेळ असतो.

तिसरी गोष्ट, रद्द प्रमाणपत्रांची यादी. प्रत्येक सर्व्हरला ती ठरावीक काळानं ताजी करावी लागते. ती शिळी झाली की त्या संस्थेच्या सगळ्या प्रमाणपत्रांना नकार मिळू लागतो. काल सगळं चालत होतं, आज कुणाचंच चालत नाही, असं दिसलं तर स्वतःला दोष देण्याआधी ही शक्यता कळवावी.

तिसरा प्रश्न: वाट मोकळी आहे का?

या प्रश्नावर जास्त थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

ग्रिड-एफटीपी दोन वाटांनी चालतं. एक बोलण्याची: तिचं दार, म्हणजे पोर्ट, ठरलेलं असतं, २८११. दुसरी माल नेण्याची: तिच्यासाठी दर वेळी वेगळं दार उघडतं, बऱ्याच ठिकाणी ५०००० ते ५१००० यांमधलं. कॉलेजच्या फायरवॉलनं पहिलं दार उघडं ठेवलं आणि दुसरी बंद केली, तर काय दिसेल? लॉगिन होतं, नमस्कार-चमत्कार होतात आणि मग सगळं स्तब्ध. शून्य बाइटवर आकडा थांबून राहतो. लॉगिन झालं म्हणजे वाट मोकळी आहे, असा निष्कर्ष इथे फसतो.

आता दोन संदेश शेजारी ठेवून वाचू. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. घाईत दोन्हींचा अर्थ ‘लागत नाही’ असाच होतो. पण रिफ्यूज्डमध्ये कुणीतरी ‘नाही’ म्हणालं आहे. म्हणजे आपला निरोप तिथवर गेला. यंत्र बहुधा जिवंत आहे. त्या दारामागे सेवा चालू नाही, किंवा आपण दाराचा आकडा चुकीचा दिला. टाइम्ड आउटमध्ये उत्तरच आलं नाही. यंत्र बंद असेल, किंवा मधल्या फायरवॉलनं निरोप गिळला असेल. एकात दार वाजवल्यावर आतून ‘इथे कुणी राहत नाही’ असं ऐकू येतं. दुसऱ्यात गल्लीच्या तोंडालाच आपण अडलेले असतो. हा एक फरक कळला तर कुणाला फोन करायचा ते ठरतं: पहिल्यात सर्व्हरच्या व्यवस्थापकाला, दुसऱ्यात बहुधा आपल्याच नेटवर्कच्या माणसाला.

आणखी एक बारकावा. वेग वाढावा म्हणून ग्लोबस-यूआरएल-कॉपीला ‘-पी ४’ असं सांगून माल चार प्रवाहांत वाटता येतो. पण समांतर प्रवाहांचा नियम असा की माल पाठवणाऱ्यानंच जोडणी सुरू करायची. आपण फाइल उतरवून घेत असू तर पाठवणारा तो सर्व्हर. म्हणजे त्यानं आपल्या लॅपटॉपचं दार ठोठवायचं. लॅपटॉप हॉस्टेलच्या वाय-फायमागे लपलेला. त्यामुळे एका प्रवाहानं चालणारी फाइल चार प्रवाहांत अडते. अशा वेळी ‘-पी’ काढून पाहणं ही सोपी चाचणी आहे.

चौथा प्रश्न: पत्ता बरोबर आहे का, जागा आहे का?

एफटीपीच्या उत्तरात तीन आकडे असतात आणि पहिल्याला अर्थ असतो. २ म्हणजे झालं. ४ म्हणजे तात्पुरती अडचण, थोड्या वेळानं पुन्हा करा. ५ म्हणजे हे असंच पुन्हा करून उपयोग नाही; आधी काहीतरी बदला. ५५० हा आकडा फाइल मिळत नाही किंवा परवानगी नाही यासाठी आहे. पण ग्लोबसचा सर्व्हर पुष्कळदा नुसता ५०० देऊन पुढे कारण लिहितो. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, ‘परमिशन डिनाइड’, ‘डिस्क कोटा एक्सीडेड’: ही साधी वाक्यं लांबलचक मजकुराच्या पोटात दडलेली असतात. ती शोधून काढायची.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी इथे एक खास इशारा. फाइलचं नाव देवनागरीत ठेवताना जपा. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशी जोडी करून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. फाइल समोर दिसते आहे आणि यंत्र म्हणतंय, अशी फाइल नाही! पाठवायच्या फाइल्सना साधी रोमन अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघा एवढंच वापरावं. नावात मोकळी जागा सोडू नये. मराठी शीर्षक सूचीच्या फाइलमध्ये लिहावं.

पाचवा प्रश्न: प्रत मूळाबरहुकूम आहे का?

टर्मिनलवर पुन्हा कर्सर लुकलुकू लागला की काम झालं असं वाटतं. पण कार्यक्रम निमूटपणे संपणं आणि काम पूर्ण होणं या दोन गोष्टी आहेत. आज्ञा संपल्यावर लगेच ‘इको’ आणि पुढे डॉलर व प्रश्नचिन्ह टाइप करा. शून्य आलं तर साधनाच्या मते यश. दुसरं काही आलं तर अपयश. पण तेही साधनाचं मत झालं. पुरावा म्हणजे चेकसम.

चेकसम हा फाइलच्या सगळ्या बाइट्सवरून काढलेला छोटासा ठसा. सर्नच्या ग्रिडवर ॲडलर-३२ नावाचा ठसा रूढ आहे. तो आठ चिन्हांचा असतो आणि अपघाती बिघाड पकडायला पुरतो. आपल्या कामाला ‘एसएचए-२५६-सम’ ही आज्ञा उत्तम. पाठवण्याआधी इकडे ठसा काढा, पोचल्यावर तिकडे काढा. जुळले तर प्रत खरी.

अजिबात न पोचलेल्या फाइलपेक्षा अर्धवट पोचलेली फाइल जास्त घातक असते. ‘एससीपी’ मध्येच तुटलं तर अर्धी फाइल पूर्ण नावानिशी तिथे बसलेली असते. ‘आरसिंक’ आधी तात्पुरत्या नावानं लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं, म्हणून त्याच्यावर जास्त विसंबता येतं. ‘जीफॅल-कॉपी’ त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर वर लिहायला नकार देतं. हा नकार वाचून ‘अरे, आधीच पोचली आहे’ असं समजू नये. तो मागच्या फसलेल्या प्रयत्नाचा तुकडा असू शकतो.

आपल्या विषयाशी या प्रश्नाचं नातं जुनं आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण नकला होता होता पाठ बिघडले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचं जवळजवळ ११,००० ओव्यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज माहीत नाही. आपल्या हाती आहेत त्या हस्तलिखित नकला. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही हस्तलिखितांवरूनच निघाली. लंडनमध्ये देवनागरीतलं एक हस्तलिखित आहे. दोन नकलांत शब्द वेगळा दिसला तर खरा कोणता, हे अभ्यासकाला तर्कानंच ठरवावं लागतं. ताडून पाहायला मूळ नाही.

म्हणून मूळ हाताशी असतानाच ठसा घ्यायचा. मंडळाचे जुने हस्तलिखित अंक आपण सध्या स्कॅन करतो आहोत. काही पानांना वाळवी लागली आहे. ती दुसऱ्यांदा स्कॅनरवर ठेवता येतील असं नाही. ते स्कॅन ग्रिडवर जाणार नाहीत, पेन ड्राइव्ह आणि सर्व्हर यांच्यातच फिरतील. तरी प्रश्न तोच. प्रत्येक फाइलचा चेकसम सूचीत लिहून ठेवला, तर दहा वर्षांनी कुणीतरी ताडून पाहू शकेल.

शोध कसा घ्यावा?

१. आधी एक लहान फाइल पाठवून पाहा. ती गेली तर ओळख आणि वाट ठीक आहेत.
२. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून चालू झालं, तर काय दुरुस्त झालं ते कळत नाही.
३. ‘-डीबीजी’ लावून सविस्तर संवाद मागा. त्यात पहिली वेगळी ओळ शोधा. पुढच्या बऱ्याच ओळी तिचे परिणाम असतात.
४. मदत मागताना पूर्ण आज्ञा, पूर्ण संदेश, वेळ आणि ती कुठली वेळ, आणि आपण काय काय करून पाहिलं, हे मजकूर म्हणून पाठवा. फोटोतला मजकूर शोधता येत नाही.
५. खासगी किल्ली आणि तिचा पासवर्ड कुणालाही पाठवू नका, मदत करणाऱ्यालाही नाही.

सरावासाठी

अ) सकाळी नऊला प्रॉक्सी काढून हजार फाइल्स लावल्या. रात्री नऊपर्यंत सुरळीत. त्यानंतरच्या प्रत्येक फाइलला नकार.
आ) जोडणी करताना लगेच, क्षणात, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.
इ) दोन्हीकडे फाइलचा आकार अगदी सारखा, पण चेकसम वेगळे.

उत्तरं: अ) प्रॉक्सीची १२ तासांची मुदत संपली. नवी काढा आणि उरलेल्याच फाइल्स पाठवा. आ) यंत्रापर्यंत निरोप पोचला, दाराचा आकडा तपासा, तो बरोबर असेल तर सेवा बंद असल्याचं कळवा. इ) आकार म्हणजे पानांची संख्या, चेकसम म्हणजे मजकूर. पानं तेवढीच आहेत, अक्षर बदललं आहे. मूळ फाइलचा ठसा पुन्हा काढा; तो पहिल्यासारखाच आला तर पोचलेली प्रत टाकून नव्यानं पाठवा. आणि नवी प्रत जुळेपर्यंत मूळ पुसू नका.